मागेल त्याला काम : कै. वि. स. पागे यांचे कार्य

स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हटले की आपल्या मंडळात नेहमीची नावे पुढे येतात. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, महर्षी कर्वे. या थोर व्यक्तींविषयी कितीही लिहिले तरी ते थोडेच. पण यंदा मी मुद्दामच एक निराळे नाव निवडले आहे. ते उच्चारल्यावर पुष्कळ भगिनी विचारतील, ‘हे कोण बरे?’ आणि तरीही या गृहस्थांच्या कार्याचा संबंध आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकीच्या घराशी आलेला आहे. घरातील नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगाराची चिठ्ठी काढून पाहा. त्यात ‘व्यवसाय कर’ म्हणून एक लहानशी कपात दिसेल. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली का सुरू झाला, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की आपण थेट सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर या गावी आणि श्री. विठ्ठल सखाराम पागे यांच्या नावापाशी जाऊन पोहोचतो.

पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. त्यांना ‘रोजगार हमी योजनेचे जनक’ म्हणतात, आणि ते यथार्थ आहे. परंतु मला अधिक नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. सभापती म्हणजे सभागृहात ज्याने सर्वांत कमी बोलावयाचे असा मनुष्य. त्याने बाजू घ्यावयाची नाही. दुसऱ्याला बोलू द्यावयाचे आणि ऐकावयाचे. अशा आसनावर अठरा वर्षे बसलेल्या माणसाच्या हातून, ज्यांचे कोणीच ऐकत नव्हते अशा लोकांना विचारण्याचा हक्क मिळाला. ही गोष्ट कशी घडली ते सांगण्याचा हा प्रयत्न.

प्रथम त्या आसनाविषयी थोडे सांगते. आपल्या राज्यात विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभेवर आपण मते देऊन आमदार पाठवतो, ती सर्वांच्या परिचयाची. विधान परिषद हे दुसरे सभागृह. त्याचे सदस्य ७८. त्यांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ नगरपालिका, जिल्हा परिषदा यांसारख्या स्थानिक संस्थांकडून येतात, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे, आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. हे सभागृह कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि नवे येतात. सभासदांनीच निवडलेला सभापती कामकाज चालवतो. मतदानात तो भाग घेत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच आपले मत देतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. राज्याच्या तिजोरीची किल्ली या सभागृहाकडे नाही. पैशासंबंधीचे विधेयक विधानसभेत मांडले जाते. परिषदेला त्यावर १४ दिवसांच्या आत फक्त शिफारशी करता येतात, आणि त्या स्वीकारणे न स्वीकारणे विधानसभेच्या मर्जीवर असते. म्हणजे पागे ज्या आसनावर बसले होते त्याला मान मोठा, पण खर्च करावयास पै नाही आणि हुकूम सोडावयास खाते नाही. अशा जागी बसलेल्या माणसाला काही करावयाचे असेल तर एकच मार्ग उरतो : दुसऱ्याला पटवून देणे.

पटवून देण्यासारखे त्यांच्यापाशी काय होते? त्यांचा मुलूखच त्यांच्यापाशी होता. सांगली जिल्ह्याचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे कृष्णाकाठ येतो, उसाचे मळे आणि हळदीची पेठ येते. ते खरेच आहे, पण ते जिल्ह्याचे पश्चिम अंग. पूर्वेकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर आणि तासगावचा बराच भाग हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस कमी आणि तोही लहरी. ज्याला थोडीशी कोरडवाहू जमीन आहे त्याला आणि ज्याला मुळीच नाही त्याला, दोघांनाही वर्षातील कित्येक महिने हाताला काम नसे. खरिपाची काढणी झाली, रब्बीची ज्वारी घरात आली, की पुढे पाऊस पडेपर्यंत करावयाचे काय? ज्यांना जमत असे ते मुंबईच्या गिरणीत जात, नाहीतर ऊसतोडीला. बाकीचे घरी बसत, अर्थात अर्धपोटी.

सरकार अशा वेळी काही करीत नसे असे नाही. दुष्काळी कामांची पद्धत जुनी आहे. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दुष्काळनिवारणाचे नियम केले, तेव्हापासून ती चालत आली. पण तिचा कळीचा दोष असा की काम केव्हा सुरू करावयाचे हे सरकार ठरवी. पिकांची पैसेवारी काढावयाची, ती ठरलेल्या मर्यादेखाली आली तर टंचाई जाहीर करावयाची, मग कलेक्टरसाहेबांच्या हुकुमाने खडी फोडण्याची कामे उघडावयाची, आणि पाऊस पडला की ती बंद. ज्या वर्षी पैसेवारी कागदावर बरी दिसे, त्या वर्षी भूमिहीन मजूर बाईच्या चुलीत विस्तव पेटतो की नाही हे कोण पाहणार? तिच्या शेताची पैसेवारी निघत नव्हती, कारण तिला शेतच नव्हते. तिचा दुष्काळ तर दर वर्षी येत असे. तो कोणी जाहीर करीत नसे इतकेच.

पागे यांच्या विचाराचे मूळ मला येथे दिसते. त्यांनी प्रश्न उलटा केला. काम केव्हा द्यावयाचे हे सरकारने का ठरवावे? ज्याला गरज आहे त्याने मागावे आणि सरकारने द्यावे. भिक्षेकऱ्याला कोणी ‘तुझा हक्क काय’ म्हणून विचारीत नाही, कारण त्याला दिले जाते ते दान असते. पण अंगमेहनत करावयास तयार असलेला माणूस काही दान मागत नाही. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात, राज्याने आपल्या शक्तीच्या मर्यादेत लोकांना कामाचा हक्क मिळवून द्यावा असे लिहिले आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. पुस्तकातले हे वाक्य गावच्या शिवारात उतरवावयाचे, हा पागे यांचा ध्यास होता.

त्यांनी तो विचार मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. पागे यांनी एकदम सगळ्या राज्याची भाषा केली नाही. गावात करून पाहू, काय अडते ते बघू, असा त्यांचा सावध शेतकरी बाणा. १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला हा प्रयोग सुरू झाला. ज्या गावची माणसे त्यांच्या ओळखीची, त्याच गावात त्यांनी आपली कल्पना तपासावयास ठेवली. ती फसली असती तर गावातल्या गावात लोकांनीच त्यांना विचारले असते. पुढाऱ्याने आपल्या कल्पनेची परीक्षा अशा ठिकाणी द्यावी, हे मला फार मोलाचे वाटते.

या अनुभवावर उभी राहिलेली योजना १ मे १९७२ रोजी, महाराष्ट्रदिनी, राज्याने हाती घेतली. पण मुहूर्त असा की त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल. परदेशातून आलेली तांबूस मिलो ज्वारी, तिच्या भाकऱ्या, कामावर मिळणारी सुकडी, हे शब्द त्या एका वर्षाने आपल्या भाषेत ठेवून दिले आहेत. नव्या योजनेचे नाव तात्पुरते बाजूला राहिले आणि जुन्या पद्धतीची दुष्काळी कामे सर्वत्र उघडावी लागली. मे १९७३ मध्ये या कामांवरील माणसांची संख्या जवळजवळ ५० लाखांवर गेली. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, आणि जिकडे तिकडे खडीचे ढीग. बायका डोक्यावर पाट्या घेऊन ओळीने चाललेल्या आणि तान्ही मुले बांधावर लुगड्याच्या झोळीत. त्याच सुमारास मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर गृहिणी महागाईविरुद्ध हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. शहरातील बाई रॉकेल आणि धान्य मागत होती, खेड्यातील बाई काम मागत होती. चूल दोघींचीही तीच.

दुष्काळ सरला. नेहमीप्रमाणे कामे बंद होऊन सारे विसरले गेले असते. पण या वेळी तसे झाले नाही, कारण दुष्काळाच्या आधीच एक कल्पना तयार होती. इतक्या लोकांना काम देणे सरकारला जमते हे सिद्ध झाले होते; आता ते नेहमीसाठी द्यावे हे म्हणणे हवेतले राहिले नाही. १९७४ पासून योजना पुन्हा नेटाने चालू झाली.

मग प्रश्न आला पैशाचा. दर वर्षी अंदाजपत्रकात जे उरेल ते मजुरांना, असे म्हटले तर ती हमी कसली? म्हणून योजनेसाठी स्वतंत्र कर बसवावयाचे ठरले, आणि १ एप्रिल १९७५ पासून नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्यावर व्यवसाय कर आला. या व अशाच ठरावीक करांतून जेवढे निव्वळ उत्पन्न येईल, तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या पदरची घालावयाची, असे त्या निधीचे गणित होते. म्हणजे मुंबई-पुण्याच्या कारकुनाच्या पगारातून थोडे थोडे पैसे निघाले आणि त्यांतून जत-आटपाडीच्या बाईची मजुरी झाली. पुष्कळांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील; कर म्हटला की त्या पडतातच. पण शहराने खेड्याचे देणे लागते असे मान्य करून त्यासाठी नियमाने पैसे द्यावेत, याचे दुसरे इतके सरळ उदाहरण मला ठाऊक नाही. हा कर पुढे वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत गेला. १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ झाला, हेही जाता जाता नमूद करते.

आता कायद्याकडे येऊ. सरकारची योजना सरकारच्या मर्जीने बंदही होऊ शकते. म्हणून १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळापुढे आला आणि दोन्ही सभागृहांनी तो एकमताने संमत केला. परिषदेचे सभापती तेव्हा पागेच होते. राष्ट्रपतींची संमती मिळून २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तोवर पागे यांची सभापतिपदाची कारकीर्द संपली होती.

त्या कायद्याची मुख्य कलमे मी येथे साध्या भाषेत देते. ग्रामीण भागातील १८ वर्षांवरील कोणीही, पुरुष वा स्त्री, अंगमेहनतीचे काम मागू शकेल. त्याने नाव नोंदवावे आणि काम मागावे. मागणी केल्यापासून १५ दिवसांच्या आत काम मिळाले पाहिजे. न मिळाले तर बेकारी भत्ता द्यावा लागेल. वर्षात इतकेच दिवस अशी मर्यादा नाही. बदल्यात मजुराने अमुकच काम हवे असा हट्ट धरावयाचा नाही, आणि सलग निदान ३० दिवस काम करण्याची तयारी हवी. नवे काम उघडावयाचे तर निदान ५० मजुरांची मागणी लागे. खर्चातील किमान ६० टक्के भाग मजुरीवर गेला पाहिजे, म्हणजे ठेकेदार आणि यंत्रे यांनीच पैसे खाऊन टाकावयास नकोत.

हे वाचताना माझ्या मनात एक विचार आला, तो पटतो का पाहा. विधिमंडळात सदस्य प्रश्न विचारतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा असे त्याचे प्रकार आहेत. त्या साऱ्यांच्या मुळाशी एकच नियम आहे : विचारणाऱ्याला विचारण्याचा अधिकार आहे, आणि मंत्री कितीही मोठा असला तरी त्याने ठरल्या मुदतीत उत्तर दिले पाहिजे. सभापतीने हाच नियम पाळला जातो की नाही हे पाहावयाचे असते. रोजगार हमीच्या कायद्यात मला तोच नियम दिसतो. नाव नोंदवणे, लेखी मागणी, १५ दिवसांची मुदत, आणि मुदत चुकल्यास सरकारवर दंडासारखा भत्ता. जो अधिकार सभागृहातील ७८ जणांना होता, तो गावच्या मजुराला दिला गेला. पागे यांनी असे शब्दांत कोठे म्हटले आहे असा माझा दावा नाही. पण अठरा वर्षे प्रश्नोत्तरे ऐकलेल्या माणसाच्या कल्पनेवर त्या आसनाचा ठसा उमटला असावा, असे मला वाटते.

स्त्रियांना यातून काय मिळाले? आपल्या मंडळाच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा. शेतमजुरीत बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देण्याची रीत सगळीकडे होती. रोजगार हमीवर मात्र मजुरी कामाच्या मापाने. इतकी माती उचलली, इतकी खडी फोडली, त्याचा दर इतका. मातीला पुरुष-स्त्री कळत नाही. समान वेतनाचा केंद्राचा कायदा १९७६ साली झाला, पण त्याची खरी प्रचिती खेड्यातील पुष्कळ बायांना या कामांवरच प्रथम आली असेल. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि मुलांसाठी पाळणाघर असावे असेही नियमांत होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी या कामांची पाहणी करून ती १९८० साली प्रसिद्ध केली. तेथे येणारी माणसे बहुतांशी अत्यंत गरीब होती आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले. हे होण्याचे कारण उघड आहे. पुरुष काम शोधीत परगावी जाऊ शकतो; घर, मुले आणि म्हातारी माणसे सांभाळणारी बाई जाऊ शकत नाही. गावाजवळ मिळालेले काम हेच तिचे काम. आणि हजेरीपटावर तिचे स्वतःचे नाव आले. ‘अमक्याची बायको’ म्हणून नव्हे, तर मजूर म्हणून. सरकारी कागदावर कष्टकरी म्हणून आपले नाव पहिल्यांदा पाहणाऱ्या त्या बाईला काय वाटले असेल, याचा विचार आपण पदवीची प्रमाणपत्रे भिंतीवर लावणाऱ्यांनी जरूर करावा.

दोषही सांगितले पाहिजेत. नाही तर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल. हजेरीपटावर खोटी नावे चढली. मोजमाप वेळेवर होत नसे आणि आठवड्याची मजुरी महिना महिना रखडे. बेकारी भत्ता कायद्यात होता, पण तो अगदी अल्प होता आणि प्रत्यक्षात क्वचितच कोणाला मिळाला. पाळणाघर पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिले. कित्येक रस्ते अर्धवट राहून पुढच्या पावसात वाहून गेले. पाझर तलावाचे पाणी ज्यांच्या विहिरींना आले ते जमीनदार सुखी झाले; तो तलाव खणणाऱ्या भूमिहीनाला मजुरीपलीकडे काही मिळाले नाही. हे सारे खरे आहे. परंतु या तक्रारी आपल्याला कळल्या त्या तरी कशामुळे? आधीच्या दुष्काळी कामांवर मजुरी कमी पडली तर मजूर नशिबाला बोल लावीत. आता कायदा झाल्यावर त्याच गावचे मजूर, त्यांत बायकाही, तहसील कचेरीवर मोर्चा नेऊन ‘आमचे काम कोठे आहे’ म्हणून विचारू लागले. ५० जणांची मागणी लागते हे कळल्यावर ५० जणींना एकत्र यावे लागले. कायद्याचे कलम संघटनेचे कारण बनले. विधिमंडळानेही या योजनेवर देखरेख करण्यासाठी आपली स्वतंत्र समिती नेमली, आणि आमदार कामांच्या जागी जाऊन हजेरीपट तपासू लागले.

महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार पुढे देशाने घेतला. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून देशातील २०० जिल्ह्यांत तो लागू झाला. त्यात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती आणि लाभार्थींत निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे कलम होते. ते पाहावयास पागे नव्हते. १९९० साली त्यांचे निधन झाले. मुंबईच्या विधान भवनात लोकप्रतिनिधींच्या शिक्षणासाठी जे केंद्र आहे त्याला त्यांचे नाव दिले आहे. नव्या आमदारांना सभागृहात प्रश्न कसा विचारावा हे शिकवणाऱ्या जागेला त्यांचे नाव असावे, हे योग्यच झाले.

कायदे बदलतात, योजनांची नावे बदलतात, कोणाच्या राज्यात काय चालू राहील हे सांगता येत नाही. म्हणूनच मूळ तत्त्व आपण नीट समजून घ्यावे असे मला वाटते. आपल्या मंडळात आपण गरजू बायकांना मदत करतो, धान्य देतो, मुलांना वह्या-पुस्तके देतो. ते चांगलेच आहे आणि चालू ठेवावे. पण ती मदत केव्हा द्यावयाची, कोणाला, किती, हे आपणच ठरवतो. ज्यांना ती द्यावयाची त्यांनी कधी आपल्याला येऊन विचारावे आणि आपण अमुक दिवसांत उत्तर द्यावे, अशी सोय आपण केलेली नाही. वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून, वस्तीतील कोणत्याही बाईला अर्ज करता येईल आणि पंधरा दिवसांत ‘हो’ किंवा ‘नाही’ असे कारणासह उत्तर मिळेल, असा एक छोटा नियम मंडळाने करून पाहावा, ही माझी सूचना आहे. पागे यांनी विसापूरपासून सुरुवात केली; आपण आपल्या गल्लीपासून करू या. कार्यकारिणीच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा, अशी सर्व भगिनींना माझी विनंती आहे.